कळांवरील भूल आणि भूलतज्ज्ञाचा पहारा

कळा सोसल्यावाचून आईपण येत नाही, हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्यांदा उच्चारले गेले आहे की, त्यास जवळजवळ शास्त्रवचनाची योग्यता आली आहे. ज्यांना कळा कधी यावयाच्या नाहीत, त्यांचाच स्वर यात मोठा असतो, हा भाग वेगळा! स्पॅनिश लष्करातील शल्यचिकित्सक फिडेल पाजेस यांनी कंबरेच्या मणक्यांतून एपिड्यूरल भूल देण्याची रीत १९२१ साली प्रसिद्ध केली. निरोगी गर्भवतीने मागितल्यास ही भूल द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली. असे असता बारामती-इंदापूरकडील लेकीसुनांनी ती मागणे हा नाजूकपणा का समजावा?

पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते, ही समजूत निराधार आहे. बाळंतपणानंतरची दीर्घकाळची कंबरदुखी ही भूल न घेतलेल्या स्त्रियांतही तितकीच आढळते. खरा धोका निराळाच आहे. सिझेरियनसाठी बहुधा मणक्यातील पाण्यात अल्प औषध एकदाच देतात. एपिड्यूरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून तासन्‌तास औषध पुरवावे लागते. नळीचे टोक रक्तवाहिनीत शिरल्यास झटके येऊन हृदय बंद पडू शकते. आतल्या पाण्यात शिरल्यास भूल वर चढून श्वास अडतो. म्हणून प्रथम चाचणीची अल्प मात्रा, मग थोडेथोडे औषध, वरचेवर रक्तदाब, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष, आणि प्राणवायू हाताशी, असा क्रम आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील, तर नकार देणे हेच शहाणपण. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमनासाठी नळी ठेवली असता पायांतील शक्ती परत येते की नाही, हेही पाहिले पाहिजे. ती न आल्यास मणक्यात रक्त साकळल्याची शंका तात्काळ घ्यावी.

हे सारे करणारा माणूस जागेवर हवा. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ बोलावणे येईल तसा या दवाखान्यातून त्या दवाखान्यात धावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण एपिड्यूरल देऊन निघून जाणे आम्हांस मुळीच मान्य नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रसूतिकक्षासाठी अहोरात्र भूलतज्ज्ञ राखून ठेवणे आणि इंदापूरपर्यंतच्या परिचारिकांना या देखरेखीचे शिक्षण देणे, हे काम त्याच्याकडूनच अपेक्षावयाचे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत सिझेरियनदेखील विनामूल्य आहे; मग कळांवरील उपाय तेवढा पैसेवाल्या घरांपुरता राहावा काय? ऊसतोडीला आलेल्या बाईच्या कळा काही कमी तीव्र नसतात.

तोवर नातलगांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: भूल दिल्यानंतर डॉक्टर येथेच थांबणार काय?