गोळी दिली, पुढे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५०.४ टक्के होते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७० पासून चालू आहे. तेव्हा गोळी हाती पडल्यावर तिचे पुढे काय होते, हे तपासायला हवे. गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता याच सर्वेक्षणात जेमतेम २६ टक्के निघाल्या.

उपचाराचे नियम सोपे आहेत. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून प्रत्येक गरोदर स्त्रीला रोज एक लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह. सौम्य वा मध्यम रक्तक्षय असेल तर रोज दोन. महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढले पाहिजे. वाढले नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. गोळ्या सोसत नसतील किंवा निदान उशिरा झाले असेल, तर शिरेतून लोह देता येते. सातच्या खालचा रक्तक्षय गंभीर. शेवटच्या तिमाहीत तो आढळला तर तातडीने दाखल व्हावे लागते.

उपचाराची साखळी तुटते ती गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या या पहिल्या महिन्यात. गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, पोट साफ होत नाही. हे होणारच, असे कुणी आधी सांगितलेले नसते. मग ‘गरम पडते’ म्हणून पाकीट फळीवर जाते. कुणी ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेते आणि लोह अंगी लागत नाही. त्यातच सातव्या महिन्यात ओटीभरण करून लेक माहेरी जाते. पुण्यातली तपासणीची फाइल इथेच राहते आणि गावाकडे सारे पहिल्यापासून सुरू होते.

हिमोग्लोबिन न वाढण्याचे कारण दर वेळी हयगय हेच नसते. १९२८ साली मुंबईत आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. शाकाहारी किंवा जवळपास शाकाहारी घरांत ही उणीव सहज राहते. तेव्हा लोहाला रक्त दाद देत नसेल, तर गोळ्या वाढवत राहण्यापेक्षा कारण शोधणे महत्त्वाचे.

म्हणूनच महापालिकेच्या दवाखान्यांनी आणि खासगी डॉक्टरांनीही गोळ्या देतानाच पुढच्या रक्ततपासणीची तारीख कार्डावर लिहावी. ती चुकली तर आशाताईंनी घरी विचारावे. माहेरी जाताना बॅगेत फाइल आहे ना, हे सासूबाईंनी पाहावे. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. बाळंतपणानंतरही ती १८० दिवस चालू ठेवायची असते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. घरात गरोदर स्त्री असेल तर ही तारीख चुकवू नका.