पुढे जाण्यापूर्वी परतीची वाट

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य आता कुणालाच नवे राहिलेले नाही. बँकेत, इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर, दाखल्यांच्या रांगेत ते ऐकून आपण मुकाट्याने परत फिरतो. कधी वीज गेलेली असते, कधी तार तुटलेली असते. पण कधी कधी पडद्यामागे जुनी प्रणाली काढून तिची नवी आवृत्ती बसवण्याचे काम चाललेले असते आणि ते ठरल्या वेळेत आटोपलेले नसते. ते काम कसे आखले जाते, याच्याशी खिडकीबाहेरच्या माणसाचाही संबंध आहे.

उदाहरणादाखल ‘पोस्टग्रेसक्यूएल’ घेऊ. नाव बोजड असले तरी काम साधे आहे: लाखो नोंदी सांभाळणे आणि मागाल ती नोंद क्षणात पुढे ठेवणे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रकल्पात तिचे मूळ आहे. आजचे नाव तिला १९९६ मध्ये मिळाले. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिची आज्ञावली कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो. परवान्याचे शुल्क नाही. भारत सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामकाजात अशा प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तथापि फुकट मिळालेल्या गाईलाही चारा घालावाच लागतो.

हा चारा म्हणजे आवृत्त्यांचे वेळापत्रक. पोस्टग्रेसक्यूएलची मोठी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. चौदाव्या आवृत्तीसाठी नोव्हेंबर २०२६ हा महिना आधीच जाहीर झालेला आहे. गंमत अशी की, मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही. ते दुसऱ्या दिवशीही मुकाट चालते. फक्त त्यानंतर सापडलेल्या भगदाडांना ठिगळ मिळत नाही. म्हणूनच पाच वर्षे आधी ठाऊक असलेली तारीख अनेक कार्यालयांत अचानक आल्यासारखी येते.

किरकोळ सुधारणा असेल तर प्रोग्राम बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की भागते. मोठ्या आवृत्तीत मात्र नोंदी साठवण्याची अंतर्गत मांडणीच बदललेली असू शकते. जुना साठा नव्याला जसाच्या तसा वाचता येत नाही, तो त्याच्या पद्धतीने उतरवून द्यावा लागतो.

आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा काही महिने यंत्र आणि हाताने लिहिलेली लेजरे दोन्ही चालू ठेवली होती. काम दुप्पट, कुरकुर चौपट. एका संध्याकाळी बचत खात्यांची बेरीज जुळेना. रात्री उशिरा लेजर उघडल्यावरच कळले की, एका खात्याची शिल्लक यंत्रात दोनदा चढली होती. लेजरे आधीच माळ्यावर टाकली असती, तर आम्ही कशाशी ताळा करणार होतो?

यंत्रांच्या जगात हा ताळा किती सहज राहून जातो, हे ‘गिटलॅब’ या कंपनीच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१७ रोजी दिसले. एका तंत्रज्ञाने राखीव सर्व्हरवरचा साठा पुसायच्या ऐवजी चुकून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. प्रती काढण्याची व्यवस्था होती, पण जिथे त्या असायला हव्या होत्या ती जागा रिकामी निघाली. साठा ९.६ या आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन मात्र ९.२ चे, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळवणारे ई-मेलही परस्पर नाकारले जात होते. दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी काढलेल्या एका प्रतीमुळे कंपनी तरली. तरीही सुमारे पाच हजार प्रकल्पांतले बदल आणि सातशे नवी खाती गेली. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे.

कधी धोका शेजारून येतो. २०१८ मध्ये लिनक्समधील ‘जीलिबसी’ या मूलभूत घटकाच्या नव्या आवृत्तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसक्यूएलची अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेली, शोध मात्र नव्या क्रमाने. खाते जागेवर असूनही ‘असे खाते नाही’ असे उत्तर मिळू शकत होते. अनुक्रमणिका नव्याने रचणे हाच त्यावर इलाज. पण तेव्हा यंत्र तक्रार करत नसल्याने आधी दोष ध्यानात यायला हवा होता!

म्हणून चांगल्या आखणीत परतीची वाट आधी ठरते. संपूर्ण साठ्याच्या प्रतीवर रंगीत तालीम होते, तिला किती तास लागले ते मोजले जाते. काढलेली प्रत खरोखर उघडून पाहिली जाते. कोणत्या वेळेपर्यंत काम न जमल्यास माघार घ्यायची, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवले जाते. साठा उतरवण्याची एक झटपट पद्धतही आहे. तिच्यात जुनी व नवी आवृत्ती त्याच फायली वापरतात, वेळ फार वाचतो. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुखरूप चालवता येत नाही. पूर्ण प्रत काढण्याच्या पद्धतीला वेळ आणि जागा जास्त लागते, पण जुने घर शाबूत राहते. अर्थात सकाळी खिडकी उघडून लोकांचे व्यवहार नव्यात नोंदले जाऊ लागले, की मागे फिरणे म्हणजे त्या नोंदींवर पाणी सोडणे. म्हणून सारी तपासणी खिडकी उघडण्यापूर्वी व्हायला हवी.

तालमीचा खर्च ताळेबंदात दिसतो. टळलेले संकट कोणत्याच रकान्यात दिसत नाही. त्यामुळे वरिष्ठ ती पुढे ढकलतात, रात्र तंत्रज्ञाच्या अंगावर येते आणि सकाळ रांगेतल्या पेन्शनरच्या. यापुढे ‘उद्या या’ ऐकल्यावर आपण न चिडता एवढे विचारावे: काम कधीपर्यंत चालेल, तोवर कागदी पावती मिळेल का, आणि आमच्या नोंदींची प्रत शेवटची उघडून कधी पाहिली होती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खिडकीवरच्या माणसाकडे नसेल, पण तो वर विचारू लागेल.