थोडं गळणारच!

‘गाडी म्हटली की थोडं गळणारच’ हे वाक्य ज्या कुणी प्रथम उच्चारले, तो गृहस्थ मला एकदा भेटायला हवा आहे. मारामारीचा माझा स्वभाव नाही. शाळेतसुद्धा मी मार खाणाऱ्यांच्याच पक्षात असे. पण या गृहस्थाशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते दोन्ही छापण्याजोगे नाहीत.

प्रकरण आमच्या मेहुण्याच्या पिकअपचे. मेहुणा निफाडकडचा. कधी टोमॅटो, कधी द्राक्षे भरून रात्री वाशीच्या मार्केटला निघतो आणि वाटेत पंचवटीत आमच्या दारात गाडी लावून चहा घेतो. तो गेला की मागे दोन वस्तू उरतात : उष्टी कपबशी आणि तेलाचा डाग. डाग नेमका तिथे, जिथे सौ. सकाळी रांगोळी काढते. पहिल्या महिन्यात तो रुपयाएवढा होता, पुढे ताटाएवढा झाला. तिने राख टाकून पाहिली, सोडा टाकून पाहिला. गाडी तिच्या सख्ख्या भावाची असल्यामुळे बोलणी अर्थातच मी खाल्ली.

“दाजी, नव्वद नंबरचं तेल आहे. सहजासहजी निघत नाही,” मेहुणा कौतुकाने म्हणाला.

एकदा कंबर सांभाळत मी गाडीखाली वाकून पाहिले. मागच्या उजव्या चाकाची आतली बाजू काळी, ओलीगच्च. वास नासक्या अंड्याचा. गिअर ऑइलमध्ये गंधक असते, त्याचा तो प्रताप. मी मेहुण्याला बखोटीला धरून गॅरेजात नेले.

“सील गेलंय काका. किरकोळ काम,” उस्ताद म्हणाला. एक्सल ओढला, जुने सील उपसले आणि भिंतीवर कॅलेंडरसाठी खिळा ठोकावा तसे नवे सील स्क्रू ड्रायव्हर नि हातोडीने ठोकून बसवले. ब्रेकचे लायनर तेलाने माखले होते, ते पेट्रोलने पुसले आणि हौजिंगमध्ये सढळ हाताने तेल ओतले. पंधरा दिवसांत डाग परत हजर. चार महिन्यांत तीन सीले झाली. चौथ्या खेपेला उस्तादाने हात पुसत ते ऐतिहासिक वाक्य उच्चारले.

“अहो, पण सील जातंच का?” मी विचारले.

श्राद्धाला भटजींना ‘कावळा खरंच येतो का हो?’ असे विचारल्यावर ते जसे पाहतील, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. मेहुण्यानेही पाहिले. माझे भांडण आहे ते इथे. सील बदलायला सगळे तयार आहेत. सील का जाते हे विचारायला कुणालाही सवड नाही.

उत्तर दिले ते आमच्या शेजारच्या अण्णांनी. सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. हातात बॅटरी घेऊन ते गाडीखाली शिरले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. “हौजिंगला नाक असतं, ते चोंदलंय,” म्हणाले. नाक म्हणजे ब्रीदर, डोक्यावरची एक टिचभर टोपी. गाडी धावली की आतले तेल तापते, हवा फुगते आणि ती या नाकावाटे बाहेर पडते. ते शेतातल्या चिखलाने बुजले की हवा तेलाला ढकलते आणि तेल सीलच्या रबरी ओठातून वाट काढते. त्यात उस्तादाचा सढळ हात! तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच ते असावे लागते. शेवटी अण्णांनी एक्सल बाहेर काढायला लावला आणि सील जिथे घासते तिथे नख फिरवले. नख अडकले. शाफ्टवर चरा पडला होता आणि बेअरिंग खुळखुळत होते. अशा शाफ्टवर सोन्याचे सील बसवले तरी ते गळणारच.

“ब्रेक कसा लागतो रे?” अण्णांनी मेहुण्याला विचारले.

“थोडी एका अंगाला ओढते.”

पुन्हा थोडी! रात्री दीड वाजता, टोमॅटोचे क्रेट खच्चून भरलेली गाडी कसारा घाट उतरते आहे. एका चाकाचे लायनर तेल प्यायलेले, दुसऱ्याचे कोरडे. आणि हा म्हणतो थोडी. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने पुसून भागत नाही. ते दोन्ही चाकांचे बदलावे लागतात, हे उस्तादाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

अडाण्यांचेच असे होते असेही नाही. अमेरिकेचे चॅलेंजर यान 28 जानेवारी 1986 रोजी आकाशात फुटले आणि सात माणसे गेली, ते रबरी सीलच्या पायीच. आधीच्या उड्डाणांत त्या सीलना झळ लागल्याचे दिसले होते. पण काही झाले नाही ना, मग चालतंय! थंडीत उडवू नका, असे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते. पुढे चौकशीत फाइनमन या शास्त्रज्ञाने तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. त्याची लवचीकताच गेली होती. पेलाभर पाण्यात उत्तर होते. विचारले कुणी नव्हते.

आणि आपले नाशिक! मायको सर्कलला आजही ज्या कंपनीचे नाव आहे (2008 पासून ती बॉश झाली), तिच्या इथल्या कारखान्यात डिझेलच्या नोझलचे काम मायक्रॉनच्या हिशेबाने चालते. तिथून हाकेच्या अंतरावर आपण सील हातोडीने ठोकतो.

असो. ब्रीदर डिझेलमध्ये धुतला, त्याला खर्च शून्य. शाफ्ट, बेअरिंग, सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर यांचे बिल पाहून मेहुणा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहाला आला. मी गुपचूप मागच्या चाकाखाली वर्तमानपत्र अंथरले आणि अर्ध्या तासाने जाऊन पाहिले. कागद कोरा करकरीत! सौ.ला हाक मारणार, तेवढ्यात पुढच्या बाजूला लक्ष गेले. फरशीवर एक टपोरा काळा थेंब.

“ते इंजिनचं, दाजी,” मेहुणा बशीत चहा ओतत म्हणाला. “ते काय, थोडं...”

मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली.