अल्प नुकसान, पण कोणाचें?

युद्धाच्या बातमीपत्रांत ‘अल्प नुकसान झालें’ हें वाक्य वारंवार आढळतें. व्याकरणाच्या दृष्टीनें तें अपुरें आहे. नुकसान म्हटलें कीं षष्ठीची आकांक्षा उत्पन्न होते: कोणाचें? ती षष्ठी गाळली म्हणजे वाक्य सुटसुटीत होतें आणि माणूस दिसेनासा होतो. याचें एक उदाहरण आपल्या मुलखाशीं नातें सांगणारें आहे.

१९१८ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हैदराबाद संस्थानांत मोडत होतें. त्या वर्षीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं ब्रिटिश वायुदलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीस डी. एच. ९ ए जातीचीं बॉम्बफेकीं विमानें देणगी दिलीं. प्रत्येक विमानावर देणगीचा लेख रंगविलेला असे, आणि तुकडीच्या नांवास ‘हैदराबाद’ कायमचें जोडलें गेलें. त्यांपैकीं एका विमानास ५ ऑक्टोबर १९१८ रोजीं जर्मनीवरील हल्ल्यांत शत्रूच्या भूमीवर उतरावें लागलें. आंतील दोघेही कैद झाले. विमान मात्र बर्लिनच्या संग्रहालयांत गेलें, पुढें पोलंडांत राहिलें, आणि १९७७ सालीं ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयांत परत आलें. त्याच १९१८ च्या शरदांत दख्खनेंत अवर्षण होतें आणि इन्फ्लुएंझानें घरोघर माणसें जात होतीं. त्यांचीं नांवें कोणत्याही यंत्रावर रंगविलीं गेलीं नाहींत.

पुढें ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, इंग्लंडनें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, याच तुकडीचीं पांच ब्लेनहाइम विमानें केनेथ डोरन यांच्या नेतृत्वाखालीं जर्मनीच्या विल्हेल्म्सहाफेन बंदराकडे निघालीं. ढग खालीं उतरले होते, म्हणून हल्लाही अगदीं खालून करावा लागला. आपल्याच स्फोटाचा तडाखा आपणांस बसूं नये यासाठीं बॉम्ब कांहीं सेकंद विलंबानें फुटतील अशी योजना होती. त्यामुळें ‘अॅडमिरल शेर’ या युद्धनौकेवर बॉम्ब नेमके पडूनही ते न फुटतां तिच्या चिलखतावरून उसळले. नौकेचें नुकसान अल्प झालें.

आतां षष्ठी बदलून पाहावी. हैदराबाद तुकडीच्या पांचांतून एक, आणि मागोमाग आलेल्या १०७ क्रमांकाच्या तुकडीच्या पांचांतून चार विमानें परतलीं नाहींत. ब्लेनहाइममध्यें तीन माणसें असत. एक विमान ‘एमडेन’ नौकेवर कोसळलें आणि तीवरील खलाशीही मेले. १९१४ सालीं मद्रासवर तोफा डागणाऱ्या नौकेचेंच नांव हिला दिलेलें होतें. नौकेच्या हिशेबीं जें अल्प, तें त्या त्या घरच्या मातेच्या हिशेबीं सर्वस्व होतें. मग ती माता इंग्रज असो वा जर्मन.

आपल्या घरीं सायंकाळीं मुलें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत असतील, तर ‘अल्प नुकसान’ हे शब्द येतांच वडील माणसांनीं त्यांस क्षणभर थांबवावें आणि विभक्ति विचारावी. व्याकरणाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाहीं.