फाडून दिलेला कागद

गेली वीस वर्षे मी शाळेत शिकवीत आहे आणि दरसाल मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहीत आहे. दाखल्यात वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' याखेरीज दुसरा शब्द सहसा पडत नाही. एका मुलाला फिट येत असत. त्याच्या वडिलांनी हात जोडून सांगितले, "मास्तर, हे कुठे लिहू नका. पोराच्या नावाला डाग लागेल." मी लिहिले नाही. नव्या शाळेने सहलीला नदीवर नेले, आणि पाण्यात असतानाच पोराला झटका आला. वाचला, हे नशीब. तेथल्या शिक्षकांचे मला पत्र आले. त्यात राग नव्हता. एवढेच होते की, "रोगाचे नाव सांगितले नसते तरी चालले असते, 'याला पाण्यात सोडू नये' हे चार शब्द पुरे होते."

सणासुदीच्या अंकात ही रडकथा कशाला, असे कोणी विचारील. परंतु दिवाळीच्या पणत्या उतरवून ठेवतो न ठेवतो तोच आपल्या मुंबईला २६ नोव्हेंबर आठवतो, आणि मला ते चार शब्द आठवतात.

परक्या मित्रराष्ट्राला कोणती गुप्त वार्ता द्यावयाची, हे तपासून ठरविणारे अधिकारी अमेरिकेत नेमलेले असतात. पुष्कळ कागदांवर 'परकीयांस देऊ नये' असा शिक्काच असतो. काही अहवालांत मध्ये एक रेषा मारतात. वरच्या भागात बातमी कोणी आणली, कशी टिपली, हे सारे असते. खालच्या भागात तीच हकीकत, पण उगमाची खूण पुसून. रेषेवर कागद फाडावयाचा आणि खालचा तुकडा मित्राच्या हाती द्यावयाचा, अशी ही रीत. शिवाय एका देशाने विश्वासाने दिलेली बातमी त्याच्या संमतीवाचून तिसऱ्याला द्यावयाची नाही, असाही दंडक आहे.

या रीतीची मी टवाळी करणार नाही. बातमी देणाऱ्याचा जीव जपलाच पाहिजे. एप्रिल १९४१ मध्ये चर्चिलने स्टालिनला कळविले की, जर्मनांनी आपले रणगाडे रुमानियातून दक्षिण पोलंडकडे हलविण्यास सुरुवात केली होती. ही बातमी इंग्रजांना जर्मनांची सांकेतिक लिपी फोडून मिळाली होती. पण सांगताना ती एका विश्वासू हेराची म्हणून सांगितली. उगम झाकला, धोका झाकला नाही. स्टालिनने मानले नाही, हा ऐकणाऱ्याचा दोष.

आता मुंबई पाहा. २००८ साली अमेरिकेकडून आपल्याला इशारे आले होते: हल्ला समुद्राकडून होऊ शकेल, हॉटेले लक्ष्य असू शकतील. पण ताजची पाहणी करून गेलेला डेव्हिड हेडली हा अमेरिकन नागरिक होता, आणि त्याचे लष्कर-ए-तैयबाशी संबंध असल्याचे त्याच्या बायकांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना हल्ल्यापूर्वीच सांगितले होते. ते नाव आपल्यापर्यंत आले नाही. तेवढ्यावरून कट सिद्ध होत नव्हता, असे अमेरिकेचे म्हणणे. अहो, सिद्ध कोणाला हवे होते? संशय हा संशय म्हणूनच कळवावयाचा असतो! १६६ माणसे गेली, आणि त्यानंतरही, मार्च २००९ मध्ये, हा गृहस्थ पुन्हा भारतात हिंडून गेला. त्याला अटक झाली ती ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोत. इंग्रज, अमेरिकन आणि आपण, तिघांच्याही हाती हल्ल्यापूर्वी काही तुकडे होते, हे २०१४ साली उजेडात आले. ते कोणी एकत्र जुळवून पाहिले नाहीत.

आपण मात्र निर्दोष, असेही नव्हे. जे इशारे आले त्यांची हाताळणी नीट झाली नाही, हे राम प्रधान समितीने आपल्यालाच सुनावले आहे. घरात आलेले पत्र न वाचणाऱ्याने पत्र त्रोटक होते म्हणून शेजाऱ्यावर किती रागवावे?

तरीही माझा आक्षेप उभाच राहतो. त्या टेबलाशी बसणाऱ्याचा तराजूच खोटा आहे. एक शब्द जास्त दिला तर त्याची नोकरी जाते, प्रसंगी तुरुंगही मिळतो. दहा शब्द कमी दिले तर त्याला कोणीही विचारीत नाही. मग भला माणूसदेखील कागद जरा वरूनच फाडणार. मीही तेच केले होते. 'चांगली' लिहून मी मोकळा झालो आणि पाण्यात दुसऱ्याचे मूल उतरले.

म्हणून माझे मागणे साधे आहे. उगम खुशाल झाका. पण काय घडू शकेल, काय करावे आणि आपली खात्री किती, या तीन गोष्टी कापू नका. जो मजकूर कापाल त्याखाली कारण लिहा आणि सही करा. उद्या माणसे मेली, तर दिलेल्या शब्दांइतकाच न दिलेल्या शब्दांचाही जाब त्या सहीला विचारला जावा. हा नियम वॉशिंग्टनला लागू करावा, तसाच दिल्लीलाही. कारण आपल्याही कचेऱ्यांतून शेजारच्या देशांना इशारे जातात, आणि तेथेही कोणाची तरी मुले असतात.

अलीकडे मी दाखल्यासोबत नव्या शाळेला दोन ओळींची चिठ्ठी धाडतो. रोगाचे नाव लिहीत नाही. काय जपावे तेवढे लिहितो. कित्येक बाप रागावतात. रागावोत बापडे.