लाकडं की विद्युतदाहिनी?

घरात मृत्यू झाला की दोन-तीन तासांतच कुणीतरी हे विचारतं, आणि रडायलाही उसंत न मिळालेल्या मुलीला किंवा मुलाला उत्तर द्यावं लागतं. हे बोलणं माणूस हयात असतानाच, त्याच्याशीच व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं आणि देह जळायला कित्येक तास. विद्युत किंवा गॅसदाहिनीत हेच काम दीड-दोन तासांत होतं. अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. तरीही अनेकांना सरणच हवं असतं. स्वतःच्या हाताने अग्नी देणं, खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घालणं, यातून निरोप घेतल्यासारखं वाटतं. ती भावना खरी आहे. पण मंत्र, फेऱ्या, मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल, हे सगळं दाहिनीआधीही करता येतं, हे कितीजणांना ठाऊक असतं? मुलीने अग्नी द्यायलाही कायद्याची आडकाठी नाही.

कागदांचं मात्र आधीच कळलेलं बरं. मृत्यू घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला लागतो. त्यावरच शहरात अंत्यसंस्कारासाठी पालिकेचा पास मिळतो. शरीरात पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावा. उष्णतेने त्याचा स्फोट होऊ शकतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी आणि मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे त्या मागतात.