आत्याबाई वावराकडं निघाल्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लोह्यातल्या आमच्या वस्तीतली एक सून भरदुपारी आमच्या दारात उभी राहिली. तोंड पार उतरलेलं. "आमच्या आत्याबाई दिसल्या का हो कुठं?" सकाळी ती रोजानं कामाला गेली होती, नवरा पुण्याला बांधकामावर, लेकरं शाळेत. घरी आली तर दार सताड उघडं आणि सासूबाई गायब. सारी वस्ती शोधायला निघाली. बसस्थानक पाहिलं, बाजार पाहिला, दवाखान्याचा रस्ता पाहिला. शेवटी म्हातारी सापडली ती दीड कोसावर, कंधार रस्त्याच्या कडेला एका सोयाबीनच्या वावरात. बसून निंदण काढत होती. वावराच्या मालकानं भल्या मनानं पाणी पाजलं होतं, पण "बाई, तुम्ही कोणाच्या?" ह्या प्रश्नाचं उत्तर तिला देता येईना. स्वतःच्या लेकाचं नाव आठवेना. मात्र तिनं निंदलेल्या दोन तासांत सोयाबीनचं एकही रोप उपटलेलं नव्हतं. तण तेवढं वेगळं काढून बांधावर टाकलेलं.

वाचकहो, त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो आहोत.

वस्तीत त्या संध्याकाळी काय काय बोलणं झालं ते सांगायला नको. कोणी म्हणालं म्हातारचळ, कोणी म्हणालं सुनेनं खायला दिलं नसेल, आणि एकानं तर शेजारच्या गावच्या भगताचं नाव सुचवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भगताचं नाव काढणाऱ्याला आम्ही जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. सुनेचा मात्र काही दोष नव्हता. पंधरा दिवस ती सांगत होती की आत्याबाई एकच गोष्ट चार-चारदा विचारतात, भाजीत दोनदा मीठ टाकतात, चुलीवर तवा ठेवून विसरतात. एका दवाखान्यात नेलं तेव्हा "वय झालं, असंच चालायचं" म्हणून शक्तीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं.

वय झालं म्हणून असं होत नाही. हा मेंदूचा आजार आहे. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, इंग्रजी नाव डिमेन्शिया. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर, जर्मनीतल्या ज्या डॉक्टरांनी १९०६ साली तो प्रथम मांडला त्यांच्या नावाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. त्याच पाहणीत शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत त्याचं प्रमाण अधिक दिसलं. ज्यांच्या हातात पाटी कधी आलीच नाही, जन्म गेला तो खुरप्यावर, त्या आपल्या आया आणि आज्याच ह्यात पुढे आहेत.

तपासणीचीही एक गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हेच. डॉक्टर विचारतात, आज तारीख काय, शंभरातून सात गेले किती, हे वाक्य लिहून दाखवा. आमच्या आत्याबाई धडधाकट असतानासुद्धा तारीख सांगू शकल्या नसत्या. त्यांचं वर्ष पोळा, वेचणी आणि माळेगावची जत्रा ह्यांवर चालायचं. १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये काम करणाऱ्या संशोधकांना हीच अडचण आली, म्हणून त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार केली. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा की आमची माय शाळेत गेलेली नाही. आणि रक्त तपासून घ्या. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी किंवा डोक्याला लागलेला जुना मार ह्यांनीही विसरभोळेपणा येतो, आणि ह्यातलं बरंचसं औषधानं सुधारतं. नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेता येतं. मनाच्या आजाराबद्दल १४४१६ ह्या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन फुकट आहे, वृद्धांसाठी १४५६७. अल्झायमर मुळासकट बरा करणारं औषध मात्र आजही नाही.

मग घरच्यांनी करायचं काय? आत्याबाईंच्या सुनेनं घरी बसावं तर चूल पेटत नाही. कामावर जावं तर दाराला कुलूप लावावं लागतं, आणि आत कोंडलेली म्हातारी दारावर मुठी आपटते. शेजारपाजारी तिलाच नावं ठेवतात. पुण्या-मुंबईत अशा वृद्धांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं आहेत, पण लोह्याहून ती चंद्राइतकीच लांब.

ह्यावर एक वेगळा उपाय नेदरलँड्स म्हणजे हॉलंड देशानं केला आहे. तिथे काही शेतकरी आपल्या शेतावर अशा माणसांना दिवसभरापुरतं ठेवून घेतात. सकाळी गाडी येऊन घेऊन जाते, संध्याकाळी घरी आणून सोडते. दिवसभरात ज्याला जे रुचेल ते. कोणी कोंबड्यांना दाणे टाकतो, अंडी गोळा करतो, कोणी भाजी निवडतो, कोणी नुसता गाईंकडे बघत बाकावर बसतो. दुपारी सगळे एका टेबलावर जेवतात. १९९८ साली तिथे अशी जेमतेम ७५ शेतं होती, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती हजारावर गेली. सगळीच स्मृतिभ्रंशाची नव्हेत. मतिमंद, मनोरुग्ण आणि वाट चुकलेली पोरंही तिथे येतात. ह्या कामाचे पैसे शेतकऱ्याला सरकारी व्यवस्थेतून मिळतात, २०१५ पासून ती जबाबदारी तिथल्या नगरपालिकांवर आहे. संशोधकांनी चार भिंतींतल्या केंद्रांशी तुलना करून पाहिली, तेव्हा शेतावरची माणसं जास्त हिंडती-फिरती आढळली, उघड्यावर जास्त राहिली आणि त्यांच्या पोटात अन्नपाणीही जास्त गेलं. आजार हटला असं काही झालं नाही. पण ज्याला रोज घास भरवताना रडू येतं, त्याला विचारा जास्त जेवणं म्हणजे काय.

आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असंही नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी समाजानं टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या हातानं पडीक जमिनीवर शेती उभी केली. आजार वेगळा, पण हाताला काम मिळालं की माणूस ताठ बसतो हे तिथे हजारोंनी पाहिलं.

हे सगळं आम्ही वस्तीत सांगितलं, तेव्हा एक निवृत्त शिक्षक उसळले. "आमच्या मायनं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कंबर मोडली. आम्ही शिकलो ते तिला तिथून बाहेर काढायला. आता म्हातारपणी पुन्हा वावरात बसवता तिला?" चावडीसमोर क्षणभर कोणी बोललं नाही. आम्हीही नाही, कारण मुद्दा खराच होता. जिथे मुकादम नाही, हजेरी नाही, "उरक लवकर" म्हणणारा कोणी नाही आणि मनाला येईल तेव्हा उठून सावलीला बसता येतं, तिथेच असं शेत चालेल. वृद्धांकडून फुकटची निंदणी करून घेणारा कोणी निघाला तर ती पुन्हा वेठबिगारीच, मग नाव कितीही गोंडस द्या. हे आम्ही त्यांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी खुर्ची पाठवून दिली.

जागा मिळाली ती सुनेच्या मावसभावाची. गायरानाच्या लढ्यातून त्याच्या बापाच्या नावावर झालेली दोन एकर, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, बांधावर मोठा लिंब. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी आठ ते अकरा, आत्याबाई आणि आणखी दोन म्हातारी माणसं. मावसभावाची बायको तिथेच असते, तिच्या रोजाचे पैसे तिन्ही घरं मिळून देतात. तिन्ही घरांना ते जड जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका ह्यात कधी हात घालील तेव्हा घालील.

करू पाहणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. विहिरीला कठडा नसेल तर तिथे माणसं नेऊच नका. फवारणीच्या दिवशी सुट्टी, आणि औषधाचे डबे कुलपात; विसरलेला माणूस पाणी समजून काहीही तोंडाला लावतो. उन्हाळ्यात दहाच्या आत घरी. पायात चप्पल हवीच, विंचवाकाट्याचा भरवसा नाही. गळ्यात किंवा पदराला नाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवा. एका माणसाकडे तिघांहून जास्त नकोत. आणि "आठवतंय का?" असं विचारत बसू नका. त्यानं माणूस हिरमुसतो. शेंगा पुढ्यात ठेवा, हात आपोआप चालू लागतात.

आत्याबाईंना सुनेचं नाव अजून कधी आठवतं, कधी नाही. संध्याकाळी घालमेल होते, मध्येच "माझ्या मायकडं ने" म्हणतात. रात्रीची झोप मात्र पूर्वीपेक्षा बरी आहे, असं सून सांगते. परवा आम्ही गेलो तेव्हा त्या लिंबाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. पुढ्यात दोन ढीग होते. एक मोठा आणि एक मूठभर टपोऱ्या, न फोडलेल्या शेंगांचा. आम्ही विचारलं, ह्या का वेगळ्या काढल्या? त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आमचीच स्मृती गेली आहे.

"बियाला नको का?" त्या म्हणाल्या.